बॉलला भोकं कुठे, पॅड कुठला: ठाणे-नवी मुंबईतल्या टेनपिन बोलर्सचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःचा बॉल घेतला की पहिला महिना कौतुकात जातो. दुसऱ्या महिन्यात मॉलच्या लेनवर शेजारी उभं राहून कोणीतरी विचारतं, ‘तुमचा एवढा वळतो, माझा का नाही?’ मग आस, पिन, पॅड (बॉलचा पृष्ठभाग घासायचा), कोन असं काय काय निघतं आणि मागे वाढदिवसाची पार्टी खोळंबते. म्हणून एकदाचं लिहून काढलं. सगळं उजव्या हाताच्या खेळाडूच्या हिशेबाने आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलटी धरावी. आणि हो, हे बोलिंग क्रिकेटमधलं नाही; लेनवरून बॉल लोळवून टोकाच्या दहा पिना पाडायचं. दर वेळी कोणीतरी ‘फास्ट की स्पिन?’ विचारतंच.

मी मॉलचाच बॉल वापरतो. हे सगळं मला लागू आहे का?

नाही. रॅकवरचा बॉल पॉलिएस्टरचा, म्हणजे साध्या प्लॅस्टिकचा असतो. भोकं सगळ्यांच्या बोटांना बसतील अशी पाडलेली, म्हणजे नीट कोणालाच न बसणारी. तो बॉल सरळ जातो आणि त्याने सरळच जावं. महिन्यातून दोनदा खेळत असाल तर बॉलऐवजी आधी स्वतःचे बूट घ्या.

लेआउट म्हणजे नेमकं काय?

चांगल्या बॉलच्या पोटात एक जड गाभा असतो, त्याला कोअर म्हणतात. तो गोल नसतो. कधी बल्बसारखा, कधी वेडावाकडा. कोअरचं टोक कुठे आहे हे दाखवणारा एक रंगीत ठिपका बॉलवर असतो, त्याला पिन म्हणतात. (लेनच्या टोकाला उभ्या असतात त्याही पिनाच. भाषा तोकडी पडली, आपण काय करणार.) या ठिपक्याच्या आणि तुमच्या हाताच्या हिशेबाने तीन भोकं कुठे पाडायची, हे ठरवणं म्हणजे लेआउट.

यातला ‘तुमच्या हाताच्या’ हा भाग लोक गाळतात, आणि पैसे तिथेच वाया जातात. प्रत्येकाच्या हातून बॉल सुटताना एका वेगळ्या आसाभोवती फिरतो. त्या आसाचं एक टोक बॉलच्या उजव्या अंगाला असतं. त्या बिंदूला पीएपी (पॉझिटिव्ह अॅक्सिस पॉइंट) म्हणतात. एकच ठिपका एकाच्या पीएपीपासून चार इंचांवर पडेल, तर दुसऱ्याच्या पाच इंचांवर. बघायला दोन्ही बॉल सारखे, लेनवर मात्र दोन वेगळे प्राणी.

माझा पीएपी कसा शोधायचा?

ड्रिलिंग करणाऱ्याकडे मापपट्टी असते. लेनवर ऑइल लावलेलं असतं; परत आलेल्या बॉलवरचं त्याचं कडं पाहून तो काढून देतो. घरच्या घरी खात्री करायची पद्धतही सोपी आहे. त्या बिंदूवर पांढऱ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावा, बॉल टाका आणि मित्राला मागून फोनवर स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा. हातून सुटल्यावर पट्टी एका जागी स्थिर दिसली तर बिंदू बरोबर. गिरकी घेताना दिसली तर अर्धा इंच सरकवून पुन्हा टाका. चार-पाच फेकींत सापडतो.

हे माप पकडीच्या मध्यापासून (तीन भोकांच्या मधोमध) ‘५ इंच उजवीकडे, अर्धा इंच वर’ असं लिहितात. वहीत लिहून ठेवा, पण दगडावरची रेघ समजू नका. फेकण्याची पद्धत बदलली की पीएपीही बदलतो. वर्षातून एकदा तरी पुन्हा मोजावा.

‘५० × साडेचार × ३५’ असं लिहिलेलं असतं, ते काय?

ही बॉल डिझायनर मो पिनेल यांनी रूढ केलेली दोन कोनांची पद्धत. मधला आकडा सगळ्यांत कामाचा आहे, म्हणून तिथूनच सुरू करू.

मधला आकडा म्हणजे पिनपासून पीएपीपर्यंतचं अंतर, इंचांत. बॉलच्या परिघाचा चौथा भाग साधारण पावणेसात इंच भरतो, म्हणून हे अंतर ० ते पावणेसातच्या दरम्यानच असतं. त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ३ ३/८ इंचांवर (सव्वातीनहून केसभर जास्त), कोअर सर्वांत अस्थिर असतो आणि बॉल प्रत्येक फेरीला आस थोडा बदलतो. त्यामुळे ऑइलची कडी एकावर एक न पडता पंख्यासारखी पसरतात. याला फ्लेअर म्हणतात. फ्लेअर जास्त असला की बॉलचा कोरडा भाग सतत लेनला लागत राहतो आणि पकड मिळते. दोन्ही टोकांकडे जावं तसा फ्लेअर कमी होतो. पिन पीएपीच्या जवळ असली की बॉल लवकर आणि शांतपणे लोळायला लागतो. पाच-साडेपाच इंचांवर असली की जास्त लांब घसरतो.

शेवटचा आकडा व्हीएएल (व्हर्टिकल अॅक्सिस लाइन) कोन. पीएपीतून जाणाऱ्या उभ्या रेषेशी पिन किती अंशांत आहे ते हा सांगतो. कोन लहान, २०-३० अंश, असेल तर पिन बोटांच्या भोकांच्या वर जाते: बॉल उशिरा वळतो पण कोपऱ्यावर रिक्षा वळावी तसा झटकन वळतो. कोन मोठा, ६०-७०, असेल तर पिन बोटांच्या खाली येते आणि वळण गोलसर, अंदाज बांधता येण्याजोगं होतं.

पहिला आकडा ड्रिलिंग कोन. त्याचा खरा फरक असममित कोअरच्या बॉलमध्ये पडतो, जिथे पिनखेरीज दुसरीही एक खूण असते. कोन लहान असेल तर बॉल लवकर जागा होतो, मोठा असेल तर उशिरा. सममित बॉल असेल तर या आकड्यावर झोप घालवू नका.

यूट्यूबवरच्या प्रो खेळाडूचा लेआउट जसाच्या तसा घेतला तर?

मी घेतला होता. माझा पहिला चांगला बॉल एका प्रोच्या मापाने ड्रिल करून घेतला: पिन बोटांच्या वर, अंतर पाच इंच. त्याच्या फिरकीचे फेरे माझ्या जवळपास दुप्पट होते. त्याचा बॉल शेवटच्या पंधरा फुटांत झटकन वळायचा. माझा त्याच जागेवरून शांतपणे उजव्या कोपऱ्याकडे निघून जायचा. सहा महिने मी बॉललाच दोष दिला.

आधी स्वतःची जात ओळखा. मॉनिटरवर वेग दिसतो. त्याच्या तुलनेत फिरकी कमी असेल तर तुम्ही वेगप्रधान, फिरकी जास्त असेल तर फिरकीप्रधान. वेगप्रधान माणसाच्या बॉलला वळायला वेळच मिळत नाही. त्याने पिनचं अंतर साडेतीन-चारच्या आसपास, कोन मध्यम आणि पृष्ठभाग जरा खरखरीत ठेवावा. फिरकीप्रधान माणसाचा बॉल आधीच उतावळा असतो. त्याला साडेचार-पाच इंच आणि गुळगुळीत पृष्ठभाग. सुटताना बॉल भोवऱ्यासारखा उभा फिरत असेल, म्हणजे आसाचा कल जास्त असेल, तर तो आपोआपच लांब घसरतो. अशा हाताला लवकर जागा होणारा लेआउट लागतो.

मग आधी काय ठरवायचं, लेआउट की पृष्ठभाग?

माझं ठाम मत: हातासाठी लेआउट, लेनसाठी पॅड. लेआउट एकदाच ठरतो आणि तो तुमच्या फेकीला साजेसा, मधला, कुठल्याही टोकाला न जाणारा असावा. लेन मात्र मंगळवारी सकाळी एक असते आणि रविवारी संध्याकाळी भलतीच. तिच्याशी जुळवून घ्यायचं ते पृष्ठभागाने. पाडलेलं भोक परत घेता येत नाही, पॅड मात्र पाच मिनिटांत बदलता येतो.

हे नुसतं काटकसरीचं शहाणपण नाही. अमेरिकेतल्या यूएसबीसी या नियामक संस्थेने बॉलच्या गतीचा अभ्यास केला होता. त्यात बॉलच्या वागण्यावर सर्वाधिक परिणाम करणाऱ्या गोष्टींत पृष्ठभागाचा खडबडीतपणा अगदी वर होता. तरीही लोक लेआउटवर तासभर वाद घालतात आणि पॅड बॅगेतून काढत नाहीत.

५००, २०००, ४००० हे आकडे कशाचे?

घासायच्या पॅडचे. आकडा जितका लहान तितका पॅड खरखरीत. बॉल लेनवर तीन टप्प्यांत जातो: आधी घसरतो, मग वळतो, शेवटी लोळतो. ५०० किंवा १००० मारलेला बॉल ऑइल फोडून लवकर पकड घेतो, म्हणून घसरणं लवकर संपतं. ४००० वर ते लांबतं. वर पॉलिश चढवलं की आणखी लांबतं आणि उरलेला जोर शेवटी एकदम बाहेर पडतो.

‘जास्त खरखरीत म्हणजे जास्त वळेल’ हा समज मात्र डोक्यातून काढा. लवकर पकड घेणारा बॉल वळून झाल्यावर लोळायला लागतो आणि पिनांपर्यंत दमलेला पोचतो. बॉल पॉकेटमध्ये (पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधल्या जागेत) छान लागतो आणि तरी कोपऱ्यातली १० नंबरची पिन हसत उभी राहते. तेव्हा ६ नंबरची पिन बघा. ती सुस्तपणे गटारीत आडवी पडली तर धक्का कमी पडतोय. बॉल खूप आधी वळून गेला असेल, तर पॅड गुळगुळीत करा, २००० वरून ४००० वर या. वळायलाच उशीर झाला असेल तर उलटं करा. आणि ६ नंबर १० नंबरच्या गळ्याला वळसा घालून गेली असेल तर पॅडला हात लावू नका. पाऊल अर्धा बोर्ड (लेनवरची एक उभी पट्टी) हलवा.

दुसरी एक गोम: पॅडवरचा आकडा म्हणजे बॉलचा आकडा नव्हे. नवा कोरा २००० आणि वीस वेळा वापरलेला २००० यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. दाब किती, वेळ किती, ओला की कोरडा, यानेही फरक पडतो. पॅडच्या मागे मार्करने रेघा मारून वापर मोजत जा.

आपल्या मॉलच्या लेनवर ऑइल असतं तरी का?

असतं, पण कुठे असेल ते सांगता येत नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा बैठक मारून सांगतो.

लेन फाउल लाइनपासून (बॉल सोडायची रेघ) पहिल्या पिनपर्यंत ६० फूट आणि ३९ बोर्ड रुंद. नेहमीच्या पॅटर्नमध्ये पहिल्या ४० फुटांच्या आसपास ऑइल असतं, मधल्या बोर्डांवर जास्त आणि कडेला कमी. बॉल आत चुकला तर ऑइलवर टिकून राहतो, बाहेर चुकला तर कोरड्यावर वळून परत येतो. पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा केले की बॉलने कोणत्या बोर्डाजवळून वळायला हवं त्याचा अंदाज मिळतो: ४० फूट असेल तर नववा बोर्ड.

हे झालं पुस्तकात. शनिवारी दुपारी पाच लेनवर पाच वाढदिवस झाले की चित्र बदलतं. प्लॅस्टिकचे बॉल ऑइल पीत नाहीत, पुढे ढकलतात. आणि मुलं टाकतात मधून. म्हणजे मधलं ऑइल शेवटच्या वीस फुटांत, जिथे लेन कोरडी हवी तिथे, पसरत जातं. कडेचा भाग मात्र मुळातच कोरडा. परिणाम असा की दोन बोर्ड बाहेर टाकला तर बॉल वेड्यासारखा उसळतो आणि दोन बोर्ड आत टाकला तर वळतच नाही.

अशा वेळी बहुतेक जण ‘लेन कोरडी आहे’ म्हणून बॉलला चकचकीत पॉलिश करतात. तिथेच फसतात. पॉलिश केलेला बॉल ऑइलवर आणखी घसरतो आणि कोरड्यावर आणखी उसळतो. दोन्ही टोकं वाढतात. कमी ताकदीचा, सममित कोअरचा बॉल घ्या आणि त्याला २००० किंवा ३००० चा निस्तेज फिनिश द्या. तो दोन्हीकडे सारखा वागतो. दिसायला काही थाटमाट नाही, पण एकेरी स्पेअर (दुसऱ्या फेकीत उरलेली पिन पाडणं) मिळतात आणि स्प्लिट (उरलेल्या पिनांत मोठी फट) कमी होतात. लेन खरंच आरपार कोरडी असेल, पहिल्या वीस फुटांतच बॉल डावीकडे पळत असेल, तरच पॉलिश.

पॅड काढण्याआधी पाय हलवायला विसरू नका. बॉल डावीकडे जास्त जातोय तर पाय दोन बोर्ड डावीकडे, नजर एक बोर्ड डावीकडे. यातून न सुटलेलाच प्रश्न पॅडकडे न्यायचा.

मशीन नाही, हाताने पॅड मारला तर चालेल?

चालतो. मशीनवर, म्हणजे स्पिनरवर, काम एकसारखं होतं एवढंच. बॉलला सहा बाजू आहेत असं समजा: वर, खाली आणि चार अंगं. प्रत्येकीवर तितकाच वेळ, तितकाच दाब. पॅड पाण्याने ओला करा. खाली जुना टॉवेल चुंबळीसारखा गुंडाळून त्यावर बॉल ठेवा, नाहीतर तो सोसायटीच्या जिन्यावरून खाली जाईल आणि वॉचमनला उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

खेळता खेळता मध्येच पॅड मारता येतो का?

सरावात खुशाल. यूएसबीसीच्या नियमांनुसार चालू स्पर्धेत पृष्ठभाग घासून बदलता येत नाही. आता तर द्रव क्लीनरही बंद, फक्त कोरडा टॉवेल. म्हणून अनुभवी खेळाडू सरावाच्या फेकींतच ठरवून टाकतात. लेनवर घासून बॉल आपोआप गुळगुळीत होत जातो, हेही हिशेबात धरतात: १००० मारलेला बॉल काही गेमनंतर १००० राहत नाही.

सेकंडहँड बॉल मिळतोय, पण त्याला चौथं भोक आहे.

ते तोल साधायचं भोक. पूर्वी चालायचं. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या स्पर्धांत प्रत्येक भोकात फेकताना बोट असलंच पाहिजे. मौजेसाठी घेत असाल तर काही बिघडत नाही; स्पर्धेसाठी घेत असाल तर बुजवण्याचा खर्च किमतीत धरून घासाघीस करा. तसंही दुसऱ्याच्या हाताची भोकं तुम्हाला बसणार नाहीत. सगळी बुजवून नव्याने पाडावी लागतात, आणि पिन आधीच ठरलेल्या जागी असली तरी नवा लेआउट बॉल फिरवून पाडता येतो.

वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये भोकं पाडून घेऊ का?

ओळखीचा माणूस लेथवर केसाचीही चूक करत नसेल, मान्य. पण इथे भोक सरळ नसतं. प्रत्येक भोकाला पंजाच्या मध्याच्या दिशेने किंवा उलट, आणि डाव्या-उजव्या अंगाला, थोडा कल द्यावा लागतो. अंगठ्याचं भोक बहुतेकदा लंबगोल असतं आणि कडा अंगठ्याला बोचू नये म्हणून घासून गोल करतात. अंगठा आणि बोटांमधलं अंतर पाव इंचाने चुकलं तर मनगट दुखतं आणि तुम्ही नकळत बॉल दाबायला लागता. लेआउट कितीही शास्त्रशुद्ध असो, दाबलेला बॉल सरळच जातो. बोलिंगचं ड्रिलिंग करणाऱ्याकडेच जा, लांब पडलं तरी. आणि जाताना सकाळी जाऊ नका; चार गेम खेळून, अंगठा नेहमीइतका फुगलेला असताना जा.

पावसाळ्यात अंगठा अडकतो. भोक मोठं करू?

अजिबात नको. जूनमध्ये मोठं केलेलं भोक डिसेंबरमध्ये सैल होतं. भोक थोडं सैलच ठेवायचं आणि आत पट्टीचे दोन-तीन तुकडे लावायचे. फुगला, एक काढा. आक्रसला, एक लावा. जुलैत मी एकाच संध्याकाळी तीनदा पट्टी काढली-लावली आहे. बुटांची मात्र जास्त काळजी घ्या: ओल्या तळव्याने अप्रोचवर (फेकण्याआधी चालत येतो ती जागा) पाय चिकटला तर माणूस तोंडावर पडतो.

मी दोन हातांनी टाकतो, अंगठा घालत नाही.

मग अंगठ्याचं भोकच पाडू नका. त्यातून न वापरलेल्या भोकाचा नियमही आपोआप पाळला जातो. जेसन बेलमॉन्टेमुळे ही शैली जगभर मानाची झाली. फिरकी भरपूर असते, म्हणून कमी ताकदीचा बॉल, अंतर साडेचारच्या पुढे आणि पृष्ठभाग गुळगुळीत. पीएपी मोजणं तुम्हाला जास्त गरजेचं. तो एकहाती खेळाडूपेक्षा वेगळ्या जागी पडतो.

बॉल पूर्वीसारखा वळत नाही. मेला का?

बहुतेक वेळा पोट भरलंय. रिअॅक्टिव्ह रेझिनचं आवरण ऑइल पितं. भोकांवर जलरोधक पट्टी लावून अंघोळीच्या कडक पाण्याइतक्या गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका. तवंग येतो. पुसून पुन्हा बुडवा, तवंग थांबेपर्यंत. उकळतं पाणी नको, हेअर ड्रायर नको. वाळल्यावर मूळ फिनिशचा पॅड नव्याने मारा. निम्मी जादू त्यानेच परत येते. आणि दर खेळानंतर बॉल बॅगेत जाण्याआधी पुसा, म्हणजे ही वेळ उशिरा येईल.

बॉल गाडीच्या डिकीत ठेवला तर?

मे महिन्यात घोडबंदर रोडला दुपारी उभ्या केलेल्या गाडीची डिकी उघडून बघा, उत्तर मिळेल. उन्हाने ऑइल वर येतं, आवरण आणि कोअर वेगवेगळ्या वेगाने फुगतात-आक्रसतात आणि एक दिवस भोकाजवळ बारीक चीर दिसते. बॉल घरातच, कपाटाखाली.

दोनच बॉल घ्यायचे असतील तर कुठले?

एक मध्यम ताकदीचा सममित, ५० × साडेचार × ४०च्या आसपास, २००० फिनिशवर. दुसरा स्पेअरसाठी साधा प्लॅस्टिकचा. त्याला लेआउट कुठलाही चालतो, फक्त बोटं नीट बसली पाहिजेत. तिसरा घ्यायची इच्छा झाली की आधी पॅडचा संच घ्या.

लोकलने नेता येतो का?

येतो. १५ पौंडाचा बॉल ६.८ किलो भरतो. दोन बॉल, बूट आणि बॅग मिळून पंधराच्या पुढे. चाकांची बॅग घ्या आणि ठाण्याहून वाशीला जायचं असेल तर ट्रान्स-हार्बरची सकाळची गर्दी टाळा. मॉलच्या दारात यंत्रातून बॅग गेली की पडद्यावर दोन काळे गोळे दिसतात आणि सुरक्षारक्षक एकदम ताठ उभा राहतो. चेन आधीच उघडी ठेवा. आमच्याकडचा आता ओळखतो. परवा त्यानेच विचारलं, ‘साहेब, आज तो निळा नाही आणला?’